पदवीतला उद्योगाचा वाटा

महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत ‘ओजेटी’ हा शब्द आता हजेरी आणि परीक्षा या शब्दांइतका रुळला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू करताना राज्य शासनाने एप्रिल 2023 मध्ये अभ्यासक्रमाचा आराखडा ठरवला. त्यात ऑन जॉब ट्रेनिंगला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायच्या प्रशिक्षणाला, चार श्रेयांक मिळाले. चार श्रेयांक म्हणजे 120 तास. पदव्युत्तर विद्यार्थ्याने ते पहिल्याच वर्षी पुरे करायचे, पदवीच्या विद्यार्थ्याने तिसऱ्या वर्षी. पूर्वी असे प्रशिक्षण अभियांत्रिकी, औषधनिर्माण, व्यवस्थापन अशा शाखांपुरते होते. आता मराठी घेऊन एम.ए. करणारी मुलगी आणि वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी. करणारा मुलगा, दोघेही कामाची जागा शोधत आहेत.

हा शोध कसा चालतो ते पाहिले की विद्यापीठ आणि उद्योग यांच्या सहकार्यावरच्या या पुस्तकाची गरज लक्षात येते. प्राचार्यांच्या सहीचे पत्र घेऊन मुले पतसंस्थेत जातात, सी.ए.च्या कार्यालयात जातात, दूध संघात, रुग्णालयात, वर्तमानपत्राच्या जिल्हा कचेरीत जातात. कुठे एखादा व्यवस्थापक मुलाला शेजारी बसवून घेतो आणि महिनाभर काम दाखवतो. कुठे मुलाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवून ठेवतात आणि दुपारी घरी जायला सांगतात. आणि कुठे पहिल्या भेटीतच प्रमाणपत्रावर शिक्का मारून मिळतो, 120 तास कागदावरच भरतात. तिन्ही विद्यार्थ्यांना श्रेयांक मात्र सारखेच.

या तफावतीचे खापर विद्यार्थ्यांवर किंवा त्या व्यवस्थापकांवर फोडणे सोपे आहे, पण ते खरे नाही. विद्यापीठ आणि उद्योग यांनी मिळून तरुणाला कामासाठी तयार करायचे असेल, तर सर्वांत आधी कोणाचा तरी वेळ खर्ची पडतो: कामाच्या ठिकाणी शिकवणाऱ्या माणसाचा आणि तिथवर जाऊन विचारपूस करणाऱ्या शिक्षकाचा. हा वेळ कोण देणार, त्याचा मोबदला कोण भरणार आणि तो कोणाच्या कामात धरला जाणार, ही तीन उत्तरे जिथे आधी ठरली तिथे सहकार्य टिकले. जिथे ठरली नाहीत, तिथे सामंजस्य करार उरले. महाविद्यालयांच्या नॅक मूल्यांकनात असे करार किती झाले हे मोजले जाते. एका करारामागे पर्यवेक्षकाचे किती तास खर्च झाले हे विचारणारा रकाना मला कुठे दिसलेला नाही, आणि या विषयाची सगळी मेख माझ्या मते तिथेच आहे.

कामावर शिकण्याची पद्धत आपल्याला परकी नाही. एम.बी.बी.एस. झालेला मुलगा इंटर्नशिप केल्याशिवाय डॉक्टर म्हणून नोंदला जात नाही. बी.एड. करणारी मुलगी शाळेत जाऊन पाठ घेते, मागच्या बाकावर तिचे प्राध्यापक वही घेऊन बसलेले असतात. सी.ए. होऊ पाहणाऱ्याला आर्टिकलशिप चुकत नाही. ती पूर्वी तीन वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेत दोन वर्षांची झाली. या तीन व्यवसायांत कामावर शिकणे हा पात्रतेचाच भाग मानला गेला, म्हणून शिकवणारा माणूसही आधीच नेमून दिलेला असतो. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या बाबतीत हा विचार आपण फार उशिरा केला, आणि केला तेव्हा तास ठरवले, माणूस ठरवला नाही.

मुंबईने मात्र हा विचार फार आधी केला होता. 1887 मध्ये सुरू झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट, गिरण्यांच्या शहरात उभी राहिली. तिला भायखळ्यात जागा देणारे सर दिनशॉ पेटिट स्वतः गिरणीमालक होते. त्यापुढची पायरी मुंबई विद्यापीठाने 1 ऑक्टोबर 1933 रोजी गाठली. त्या दिवशी विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू झाला, जुन्या लोकांच्या तोंडी आजही असलेला ‘यूडीसीटी’. गिरण्यांना लागणारे कृत्रिम रंग तेव्हा परदेशातून येत. ते कापडावर कसे बसतात, का उडतात, एका रंगाऐवजी दुसरा कसा वापरायचा, हे जाणणारी माणसे इथे घडवायची गरज होती. म्हणून सुरुवातीच्या विषयांत कापड-रसायन होते. तेले, रंगलेप, प्लास्टिक, औषधे, अन्नप्रक्रिया हे विषय पुढे जोडले गेले.

या संस्थेकडे मी थोडे रेंगाळून पाहतो, कारण विद्यापीठाने उद्योगाशी कसे वागावे याचा मराठी मुलखातला इतका चांगला धडा दुसरा नाही. 1938 मध्ये के. वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. गिरणीला उद्या सकाळी लागणारा कारागीर तयार करणे एवढेच त्यांचे ध्येय असते, तर संस्था रंगाऱ्यांची शाळा होऊन राहिली असती. त्यांनी रंगांच्या रसायनशास्त्रातच खोल संशोधन उभे केले. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ 1952 मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या रंगरसायनज्ञांनी तो हाताशी ठेवला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. नंतरच्या पिढीत प्रा. मनमोहन शर्मा यांनी अभियांत्रिकी विज्ञानातले मूलभूत संशोधन आणि कारखान्यांच्या अडचणी एकाच टेबलावर ठेवल्या. 1990 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. कारखान्यात अडलेला प्रश्न प्राध्यापकाकडे येतो, तो पीएच.डी.च्या विद्यार्थ्यापर्यंत पोचतो, उत्तर परत कारखान्यात जाते आणि विद्यार्थीही त्याच वाटेने उद्योगात शिरतो, अशी वहिवाट तिथे पडली. डॉ. रेड्डीज कंपनी उभी करणारे अंजी रेड्डी आणि रसायन उद्योगातले केकी घरडा याच संस्थेचे विद्यार्थी.

आता 1982 आठवा. गिरणी संप झाला आणि पुढच्या काही वर्षांत गिरणगाव विझत गेले. ज्या उद्योगासाठी ही संस्था जन्मली तोच शहरातून निघून गेला. पण संस्था बुडाली नाही. तिचे पदवीधर औषधे, कीटकनाशके, पॉलिमर, अन्नप्रक्रिया यांत गेले, कारण त्यांना शिकवलेले रसायन एका गिरणीपुरते नव्हते. उद्योगाशी सहकार्य म्हणजे उद्योगाच्या आजच्या मागणीचा साचा विद्यार्थ्यावर बसवणे, असे समजणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. 2008 पासून ही संस्था इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने अभिमत विद्यापीठ आहे. जालना आणि भुवनेश्वर येथेही तिची केंद्रे आहेत.

परदेशातल्या तीन प्रयोगांची ओळख इथेच करून देतो, कारण पुढच्या लेखांत त्यांचे उल्लेख वारंवार येतात. पहिला अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा. हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने 1906 मध्ये 27 विद्यार्थी घेऊन तो सुरू केला. शहरात यंत्रे बनवणारे कारखाने होते. श्नायडरने विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या. एक जण आठवडाभर वर्गात, दुसरा त्याच वेळी कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे, त्यामुळे मालकाचे काम अडत नसे, आणि विद्यार्थ्याला मजुरी मिळे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाने तर 1957 मध्ये आपली सुरुवातच या पद्धतीने केली.

दुसरा प्रयोग जर्मनीतला. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला डाइमलर-बेंझ, बॉश यांसारख्या कंपन्यांना एक चिंता पडली होती. हुशार मुले कारखान्यातल्या प्रशिक्षणाकडे पाठ फिरवून विद्यापीठाकडे वळू लागली होती. त्यांनी राज्य सरकारला सोबत घेऊन 1974 मध्ये स्टुटगार्ट आणि मानहाइम येथे नव्या धर्तीच्या व्यवसाय अकादमी काढल्या. 2009 मध्ये त्यांचे रूपांतर दुहेरी विद्यापीठात झाले. तिथे विद्यार्थ्याला आधी कंपनी निवडते, त्याच्याशी तीन वर्षांचा करार करते आणि पूर्ण तीन वर्षे, तो वर्गात असतो त्या महिन्यांतही, पगार देते. साधारण तीन महिने वर्ग, तीन महिने कंपनी, असा फेरा असतो. भागीदार कंपन्यांची संख्या हजारोंत आहे आणि विद्यापीठाच्या निर्णय घेणाऱ्या मंडळांवर त्यांचे प्रतिनिधी बसतात. पगार देणारी कंपनी मुलाला कोपऱ्यात बसवून ठेवत नाही. तिचे पैसे जात असतात, म्हणून तिचे लक्षही असते.

तिसरा प्रयोग परदेशी मुळाचा, पण वाढला तो राजस्थानात. अमेरिकेतल्या एम.आय.टी.ने 1916 मध्ये रासायनिक अभियांत्रिकीसाठी ‘प्रॅक्टिस स्कूल’ काढले होते. त्याची मुख्य अट अशी की विद्यार्थ्यांबरोबर विद्यापीठाचा शिक्षकही कारखान्यात मुक्काम करील. पिलानीच्या बिट्स संस्थेने हीच कल्पना 1973 मध्ये आपल्या मातीत रुजवली आणि एका शाखेपुरती न ठेवता सगळ्या शाखांना खुली केली. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात साधारण दोन महिने आणि शेवटच्या वर्षात साडेपाच महिने विद्यार्थी कामाच्या ठिकाणी असतो. त्याच्या कामाचे मूल्यमापन संस्थेचा शिक्षक आणि तिथला अधिकारी मिळून करतात. शिक्षक तिथे पाहुणा म्हणून जात नाही, त्याची नेमणूकच ती असते. आपल्या विद्यापीठांनी पिलानीकडून एकच गोष्ट उचलायची ठरवली, तर मी ही नेमणूक उचलायला सांगेन.

भारतात कायदाही आहे. 1961 चा शिकाऊ उमेदवार कायदा मुळात आय.टी.आय.च्या कारागिरांसाठी होता. 1973 च्या दुरुस्तीने त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. ज्या आस्थापनेत 30 किंवा अधिक माणसे काम करतात तिने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. 2019 च्या नियमांनी पदवीधराचे किमान विद्यावेतन दरमहा 9,000 रुपये ठरवले, त्यातला काही भार केंद्र सरकार उचलते. पण पदवी मिळाल्यावरचे हे एक वर्ष शिक्षणाशी जोडलेले नसते. शिकाऊ उमेदवार रुजू झाला की त्याच्या महाविद्यालयाचा संबंध संपतो, त्याला काय येत नव्हते हे कोणी महाविद्यालयाला कळवत नाही, आणि अभ्यास मंडळाच्या बैठकीत ते कधी पोचत नाही. एवढी मोलाची माहिती दरवर्षी वाया जाते याची मला मनापासून हळहळ वाटते.

चाकण, हिंजवडी, तळोजा इथल्या कंपन्यांबद्दल इतर लेखकांनी भरपूर लिहिले आहे. मला तालुक्याबद्दल बोलायचे आहे, कारण महाराष्ट्रातले पुष्कळ पदवीधर तिथल्या संलग्न महाविद्यालयांतून बाहेर पडतात. ‘आमच्याकडे उद्योगच नाहीत’ हे वाक्य तिथे फार ऐकू येते. हे वाक्य मला मान्य नाही. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात साखर कारखाने आहेत, दूध संघ आहेत, बाजार समित्या आहेत, पतसंस्था आणि जिल्हा बँकेच्या शाखा आहेत, रोपवाटिका आणि माती परीक्षणाच्या प्रयोगशाळा आहेत. साखर कारखान्यांनी तर आपली शिक्षण-संशोधन संस्था स्वतःच उभारली. 1975 मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट म्हणून पुण्याजवळ मांजरीला सुरू झालेली ही संस्था आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते आणि सभासद कारखाने गाळलेल्या उसाच्या टनामागे तिला वर्गणी देतात. साखर तंत्रज्ञान आणि अल्कोहोल तंत्रज्ञान शिकणारे तिचे विद्यार्थी गळीत हंगामात कारखान्यावर काम शिकतात. उद्योगाने शिक्षणाला नियमित, मोजून आणि न मागता पैसा द्यावा, याचे हे उदाहरण जर्मनीतले नाही, ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचे आहे. मग त्याच कारखान्याच्या लेखा विभागात, शेती खात्यात, सभासदांशी पत्रव्यवहार करणाऱ्या कचेरीत शेजारच्या कला-वाणिज्य महाविद्यालयाची मुले का नसावीत?

पतसंस्थेचेच घ्या. बी.कॉम.च्या मुलाने चार आठवडे तिथे नीट काढले, तर रोजकीर्द आणि खतावणी त्याला संगणकाच्या पडद्यावर दिसते. कर्ज प्रकरणात जामीनदार का लागतो, सातबाऱ्यावर बोजा कसा चढतो, पिग्मी एजंटाचा दिवसाचा भरणा कसा जुळवतात, थकलेले कर्ज अनुत्पादक कधी ठरते, सहकार कायद्याच्या कलम 101 खालचा वसुली दाखला कसा मागायचा, हे सारे तो पाहू शकतो. पुस्तकात ही माहिती आहे, पण थकबाकीदार समोर बसून आपली अडचण सांगतो तेव्हा कारकुनाने त्याच्याशी कसे बोलावे हे पुस्तकात नाही. मराठीच्या एम.ए.ला मुद्रितशोधन, बातमीचे संपादन, न्यायालयीन आणि शासकीय मजकुराचा अनुवाद यांत काम आहे. वनस्पतिशास्त्राच्या मुलाला नाशिक भागात द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये, कीटकनाशकांच्या अवशेषांच्या तपासणीत, ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळेत काम आहे. फक्त त्या संस्थेत ‘या मुलाला मी शिकवीन’ असे म्हणणारा एक माणूस हवा, आणि त्याने असे म्हटल्यावर त्याच्या रोजच्या कामातून तितका वेळ वजा करणारा वरिष्ठ हवा.

इकडे शिक्षकाची अवस्थाही वेगळी नाही. वीस-पंचवीस विद्यार्थी वीस-पंचवीस ठिकाणी विखुरलेले, आणि त्यांना भेटायला जाण्याचा वेळ आणि एस.टी.चे भाडे ज्याने त्याने आपले पाहायचे. शिक्षकाच्या कार्यभारात आठवड्याचे दोन-तीन तास या भेटींसाठी धरले आणि प्रवासखर्च महाविद्यालयाने दिला, तर अर्धे ओजेटी आपोआप सुधारेल असे मला वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही सोय केली, पीएच.डी. नसलेल्या पण आपल्या क्षेत्रात किमान 15 वर्षे काढलेल्या जाणकारांना शिकवण्यासाठी बोलावण्याची. ती चांगलीच आहे. पण उलट दिशेची सोय, शिक्षकाने एक सत्र उद्योगात काढण्याची, तितकीच गरजेची आहे आणि तिच्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

दोन गोष्टींची काळजी मात्र वाटते. पहिली पैशाची. 120 तास फुकट राबणे घरची ओढाताण असलेल्या मुलाला परवडत नाही. तो आधीच संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात, पेट्रोल पंपावर किंवा शेतात काम करत असतो, आणि ओजेटीसाठी ती कमाई सोडावी लागते. आपल्याकडे याचे उत्तर जुने आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1947 मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले तेच मुळी ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. विद्यार्थ्याचे पोटापाण्याचे काम कमीपणाचे नाही, ते शिक्षणाच्या हिशोबात धरायचे, हा त्यांचा विचार होता. मेडिकलच्या दुकानात साठा सांभाळणाऱ्या वाणिज्य शाखेच्या मुलाचे ते कामच ओजेटी म्हणून का धरू नये? दुकानदाराशी बोलून, शिक्षकाने भेट देऊन, साठ्याची नोंद आणि जीएसटीचे विवरणपत्र कसे भरले जाते यावर त्याच्याकडून लिहून घेऊन. दुसरी काळजी मुलींची. गावातून तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीत जायला दुपारनंतर गाडी नसते, आणि घरून परवानगी मिळते ती गाडीच्या वेळेनुसार. ही अडचण लक्षात न घेता जागा ठरवली, तर शहराबाहेरच्या सगळ्या चांगल्या जागा मुलांनाच मिळतील.

या पुस्तकातले लेखक एका मताचे नाहीत. कंपनीतल्या लेखकांना अभ्यासक्रम झपाट्याने बदलायला हवा आहे, प्राध्यापक त्यावर सावधपणे बोलतात. दोघांनाही त्यांचे म्हणणे पूर्ण मांडू दिले आहे. माझे स्वतःचे मत यूडीसीटीच्या इतिहासाने बनले आहे: काम कामाच्या ठिकाणी शिकवावे, आणि त्या कामामागचे शास्त्र, भाषा, हिशोब विद्यापीठाने आपल्या पद्धतीने, घाई न करता शिकवावे.

शेवटी ओजेटीच्या अहवालाबद्दल. विद्यार्थी हा अहवाल बहुधा इंग्रजीत, मोठ्या प्रमाणात इकडून-तिकडून उतरवून लिहितात, आणि तो मूल्यांकन झाल्यावर कपाटात जातो. तो मराठीत लिहू द्यावा. मुलाने काय पाहिले, कोणी काय शिकवले, कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, कुठे पुस्तकातली रीत आणि प्रत्यक्षातली रीत जुळली नाही, एवढे त्यात असावे. त्याची एक प्रत त्या पतसंस्थेच्या किंवा कारखान्याच्या व्यवस्थापकाला द्यावी आणि त्याने दोन ओळी लिहून परत पाठवावी. एक प्रत विभागात राहावी, म्हणजे पुढच्या जूनमध्ये नव्या विद्यार्थ्याला कुठे पाठवायचे आणि कुठे नाही, हे ठरवताना शिक्षकाच्या हाती पत्त्यांच्या यादीपेक्षा जास्त काही असेल.